एक जूनचा गाव

आमच्या शाळेचे मुख्याध्यापक सकाळी फाटकात उभे राहून प्रत्येक मुलाला एक प्रश्न विचारायचे. तो अभ्यासाचा नसायचा.

“काय खाल्लं?”

या प्रश्नाला सगळी मुलं एकच उत्तर देतात. भाकरी खाल्लेलं मूल “भाकरी” म्हणतं आणि न खाल्लेलं मूलही “भाकरी”च म्हणतं. हे गुरुजींना ठाऊक होतं, म्हणून त्यांचा खरा प्रश्न दुसरा असायचा.

“कशासंगं?”

खाल्लेलं मूल पटकन सांगायचं. मेथीसंगं, चटणीसंगं, कालच्या आमटीसंगं. न खाल्लेलं मूल वर बघायचं. फाटकाशी एक कडुलिंब होता, त्याच्या फांद्यांत उत्तर शोधल्यासारखं ते क्षणभर बघायचं आणि मग काहीतरी ठोकून द्यायचं. तोवर गुरुजींनी त्याला खांद्याला धरून डाव्या बाजूला उभं केलेलं असायचं. मी या शाळेवर रुजू झाले त्या सकाळी मला ती डावी रांग शिक्षेची वाटली. माणूस भलताच खडूस दिसतोय, असं मी मनात म्हटलंही. दुपारी खिचडी आधी त्याच मुलांना वाढली गेली, तेव्हा ती रांग कशाची ते कळलं. त्यांच्याबद्दलची माझी बरीचशी मतं अशीच घाईत झालेली होती.

शाळा पळसदेवच्या अलीकडे, धरणाच्या पाण्याच्या कडेनं असलेल्या एका वस्तीवरची. शिक्षक दोनच, ते आणि मी. मी बारामतीच्या जळोचीत राहायचे. एमआयडीसीच्या पाळीला निघालेल्या मोटारसायकलींमधून स्कूटी काढत, भिगवणवरून तास-सव्वा तासाचा रस्ता. गुरुजीही बारामतीचेच. एसटी स्टँडमागच्या एका खोलीत एकटे राहायचे. बायको वारलेली, मुलगा पुण्यात नोकरीला. एकदा मी त्यांना स्कूटीवर मागं बसवून आणलं. शाळेपाशी ते उतरले, बराच वेळ फाटकाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, आपली एसटीच बरी. ती बंद पडते, पण उडत न्हाय.”

अंगात पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात एक पेन आणि एक स्टीलचा चमचा. चमचा का, असं नवीन माणूस हमखास विचारायचा. सरकारी नियम असा की दुपारची खिचडी मुलांच्या आधी शिक्षकानं चाखायची आणि चव नोंदवहीत शेरा लिहून सही करायची. मी आधीच्या शाळेवर चार वर्षं “चव चांगली” एवढंच लिहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा महिन्याचं एकदम लिहिलं होतं. गुरुजी रोज चाखायचे आणि रोज खरं लिहायचे. “मीठ कमी.” “मीठ जास्त.” “वाटाणा कच्चा, घाई झालेली दिसते.” “मीठ पुन्हा कमी, मावशींशी बोललो, त्या रागावल्या.” त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत मीठ बरोबर आहे असा शेरा मला एकदाही सापडला नाही. खिचडी शिजवणाऱ्या मावशी म्हणायच्या, “ह्यांच्या घरात बाई न्हाय ना, मग आमच्यातच खोड काडत्यात.” पण चमचा खिशातून निघाला की मावशी पदराला हात पुसत समोर उभ्या राहायच्या, बोर्डाचा निकाल लागल्यासारख्या.

फळ्यावर रोज सुविचार लिहायचा असतो. गुरुजी तिथं जेवणाचा बेत लिहायचे. “आजचा सुविचार : मटकीची उसळ.” मी म्हटलं, गुरुजी, केंद्रप्रमुख आले तर? ते म्हणाले, “वाचून दाखवतो की त्यान्ला. ह्यात वाईट विचार कोणता हाय सांगा.” परिपाठही त्यांनी चार मिनिटांवर आणला होता. प्रार्थना, राष्ट्रगीत, संपलं. कारण विचारलं तर म्हणायचे, पोटाला परिपाठ कळत नाही. ही गोष्ट मला त्या वेळी अगदीच विनोदी वाटली होती. दिवाळी झाली, कारखान्यांची धुराडी पेटली, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, आणि पहिल्याच आठवड्यात प्रार्थनेत माझ्यासमोर एक मुलगी उभ्या उभ्या खाली बसली. पडलीसुद्धा नाही, नुसती बसली. आरती तिचं नाव. बीडकडची, सात-आठ वर्षांची.

टोळीच्या मुलांचं गणित असं. आई-बाप पहाटे अंधारात फडावर जातात. पाचटाच्या कोपीत राहतं कोण, तर पोरं. रात्रीची भाकरी उरली असली तर ती सकाळी खायची, आणि बहुतेकदा ती बापाच्या फडक्यात बांधून गेलेली असते. मग ही मुलं आठ-साडेआठलाच शाळेत येऊन बसतात, कारण शाळेला भिंती आहेत आणि नळ आहे. शाळा साडेदहाची. खिचडी एक वाजता. त्या खिचडीत पाहुण्या मुलांची सोय मावशी पातेल्यात पाणी वाढवून करायच्या, त्याबद्दल चव नोंदवहीत गुरुजींनी कधी चकार शब्द लिहिला नाही. पण आठपासून एकपर्यंतच्या पाच तासांचं काय करायचं, याला कुठल्याच कागदावर उत्तर नव्हतं.

उत्तर त्यांना एका परिपत्रकात सापडलं. अशी परिपत्रकं आम्ही सगळे फाईलला लावतो, गुरुजी ती वाचायचे. त्यात म्हटलं होतं की गावातल्या कुणाला वाढदिवसानिमित्त शाळेतल्या मुलांना जेवू घालायचं असेल, तर शाळेनं त्याला उत्तेजन द्यावं. गुरुजींनी तो कागद मला दोनदा वाचून दाखवला. “वाढदिवसानिमित्त. बाई, ह्यात दुपारी असं कुठं म्हटलंय का? न्हाय. मंजे सकाळी चालतंय. आन् हजेरीपटावरचीच मुलं असं म्हटलंय? न्हाय. शाळेतली मुलं. शाळेत बसलेलं ते शाळेतलं.” त्या दिवशी त्यांना इतका आनंद झाला होता की खिचडीत मीठ कमी असल्याचं त्यांनी नुसतं तोंडी सांगितलं.

आता हवे होते वाढदिवस. गुरुजींनी शाळेचं जुनं जनरल रजिस्टर काढलं, म्हणजे ज्यात गावातल्या प्रत्येकाच्या जन्मतारखा आहेत ते, आणि टेबलाशी बसले. दहा मिनिटांनी त्यांनी मला हाक मारली. चेहरा पडलेला.

गावातल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक माणसाचा जन्म एक जूनचा होता.

ही गोष्ट तशी महाराष्ट्रात कुणालाच नवी नाही. बाप पोराला शाळेत घालायला आणायचा, मास्तर विचारायचे जन्म कधीचा, बाप म्हणायचा सुगीतला, आणि मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. पण ते असं एका खाली एक, पानामागून पान, वाचायला कुणी बसलेलं नसतं. सगळा गाव एकाच दिवशी जन्मलेला, आणि तोही कधी? शाळेला सुट्टी. टोळ्या परत गेलेल्या. मुलं नाहीत, भूक नाही, नुसते वाढदिवसच वाढदिवस.

“ज्यानं कुणी हे लिवलं,” गुरुजी रजिस्टर मिटत म्हणाले, “त्याला निदान एक जानेवारी सुचायला काय झालं हुतं?”

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की गुरुजी वस्तीवर फिरायला लागले. हातात एक शंभरपानी वही. ते म्हाताऱ्या बायकांना भेटायचे. तुमचा थोरला झाला तेव्हा काय चाललं होतं? गुऱ्हाळ पेटलं होतं का? हरभरा उपटला होता का? धरणाचं पाणी यायच्या आधी की नंतर? बायका हौसेनं सांगायच्या. पन्नास-साठ वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. कुणी बाळंतपण सांगताना रडली, कुणी सासूचा उद्धार केला. गुरुजी सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी एक तारीख काढायचे. आठवडाभरात संशोधन पुरं झालं. त्याचा निष्कर्ष असा की आमच्या वस्तीत उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात कधी कुणी जन्मलेलंच नव्हतं. झाडून सगळे दिवाळी ते गुढीपाडवा या दरम्यानचे. आणि एका दिवशी एकच.

मग त्यांनी कार्डं केली. जाड कागद, वर स्वस्तिक, खाली झोकदार अक्षरात नाव, दिवस आणि महिना. साल घातलं नाही. “सालाच्या भानगडीत आपन पडायचं न्हाय. वय ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं सांगावं.” शाळेच्या रजिस्टरला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही. कार्ड घरपोच द्यायचं आणि वर सांगायचं, “आबा, तुमचा वाढदिवस सापडला.” हरवलेली शेळी सापडली म्हणावं तसं.

मी पैजेवर सांगितलं असतं की पहिल्या आठवड्यात सगळं बारगळेल. झालं उलटंच. साठ वर्षांच्या माणसाला पहिल्यांदा स्वतःचा वाढदिवस मिळाला की काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं. माणसं सकाळी अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून यायची. मागून सून पातेलं घेऊन. पोहे, उप्पीट, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, एखाद्या म्हैसवाल्याचं दूध. गुरुजींचे नियम तीन. फ्लेक्स लावायचा तर लावा, पण वाढून झाल्यावर. भाषण नाही. आणि ज्याचा वाढदिवस त्यानं स्वतः वाढायचं, मग मुलांच्या पंगतीत शेवटी बसून तेच खायचं. मुलं टाळ्या पिटत शुभेच्छांचं गाणं म्हणायची. एक आबा, पावणेसहा फूट उंच, डाळिंबाच्या बागांचे मालक, ते गाणं ऐकून असे रडले की उप्पीट वाढायला मावशींना पुढं व्हावं लागलं.

प्रत्येक जण गुरुजींना आग्रह करायचा. गुरुजी, बसा की पंगतीला. गुरुजी हात जोडायचे. “माजं झालंय. मी खाऊन आलोय.” त्यांच्या या उत्तराकडे कुणी कधी लक्ष दिलं नाही. मीही नाही.

माझी अडचण वेगळीच होती. पंगत साडेआठची, म्हणजे मला घरून सातच्या आत निघावं लागायचं. माझी मुलगी तेव्हा पहिलीत. तिची वेणी नवरा घालायचा आणि दिवसभर ती मुलगी भांडून आल्यासारखी दिसायची. गावाचे वाढदिवस सांभाळायला माझ्याच लेकीचा डबा राहतो, हे मी एकदा गुरुजींना ऐकवलं. “तुमी साडेधाला या की,” ते शांतपणे म्हणाले. माणूस असं म्हणाला की आपण साडेदहाला येऊ शकत नाही, आणि म्हणून राग आणखीच वाढतो.

मी त्याच रागात असताना तात्या माझ्याकडे आले.

तात्या म्हणजे वस्तीवरचे सगळ्यांत मोठे बागायतदार, आणि हाताला सगळ्यांत घट्ट. त्यांचे धाकटे भाऊ ते मघाचे रडणारे आबा. दोघांना बापानं एकाच दिवशी शाळेत घातलेलं, त्यामुळे कागदावर दोघं एकाच दिवशी, एकाच साली जन्मलेले. तात्या दीड वर्षानं मोठे, हे सगळ्या गावाला माहीत. पण त्यांच्या आईनं, म्हणजे आजीनं, गुरुजींना सांगितलं की एकाच्या वेळी दिवाळीचा फराळ चालला होता आणि दुसऱ्याच्या वेळी थंडी मरणाची होती. त्यावरून गुरुजींनी आबांना नोव्हेंबर दिला आणि तात्यांना जानेवारी.

“आबाचा वाढदिवस झाला, माजा अजून यायचाय,” तात्या म्हणाले. “मंजे त्यो आदी आन् मी मागनं. साठ वर्सं थोरला हुतो, त्या मास्तरनं मला धाकटा केला! बैलपोळ्याला मान कुनाचा? उद्या आबा म्हनला माजा, तर?”

गंमत म्हणजे साल एकच धरलं तर जानेवारी नोव्हेंबरच्या आधी येतो, म्हणजे तात्या थोरलेच ठरत होते. पण गावात वाढदिवस सीझनच्या क्रमानं येत होते, आणि सीझन दिवाळीला सुरू होतो. मी हे त्यांना समजावू शकले असते. समजावलं नाही. तात्या म्हणाले, “बाई, तुमचं अक्षर चांगलं हाय. पंचायत समितीला अर्ज करायचाय. मी सांगतो, तुमी लिवा.” आणि मी लिहिला. मुख्याध्यापक शाळेच्या दप्तरातल्या जन्मतारखांत फेरफार करून गावात बेबनाव निर्माण करीत आहेत, तरी चौकशी होऊन हा प्रकार बंद व्हावा. “फेरफार” हा शब्द माझा. तात्यांना तो फार आवडला.

मी स्वतःला सांगितलं की अशा अर्जांचं पुढं काही होत नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. विस्तार अधिकारी चौकशीला येणार, सोबत मूळ अर्जाची प्रत. गुरुजींनी ती उभ्यानंच वाचली. पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही. मग वळून कागद माझ्या हातात दिला.

“अक्षर छान हाय,” म्हणाले. “फाईलला लावा, बाई.”

एवढंच. पुढं त्यांनी तो विषय जन्मात काढला नाही. त्यांनी मला झापलं असतं तर मी दोन दिवसांत विसरले असते. तो कागद मी पंच करून फाईलला लावला, आणि एवढी लाज मला आधी आणि नंतर कशाची वाटलेली नाही.

अधिकारी आले ते नेमके तात्यांच्या कार्डावरच्या तारखेला. तात्यांनी अर्थातच पातेलं पाठवलं नव्हतं, ते स्वतः फिर्यादी म्हणून खुर्चीवर बसले होते, शेजारी आबा. सकाळचे पावणेनऊ. मुलं सवयीनं ताटल्या घेऊन पंगतीत बसलेली, कोपीवरची वीस-बावीस पोरं, पुढं आरती. ताटल्या रिकाम्या. साहेब जीपमधून उतरले, चांगले कडक इस्त्रीत, आणि पंगतीसमोरून चालत जायला लागले, तशी आरतीनं मान वर करून विचारलं, “आज तुमचा वाढदिवस हाय का?”

साहेब थांबले. तिचं काही चुकलं नव्हतं. गेले दोन महिने सकाळी जो कोणी धुतलेल्या कपड्यांत येत होता, त्याचा वाढदिवसच असायचा. साहेबांनी उत्तर द्यायच्या आत बाकीच्यांनी टाळ्या सुरू केल्या आणि गाणं म्हटलं. पूर्ण म्हटलं. गाणं संपल्यावर सगळ्यांनी साहेबांच्या मागं पाहिलं, पातेलं कुठाय म्हणून.

“हे काय चाललंय?” साहेब म्हणाले.

गुरुजींनी रजिस्टर पुढं ठेवलं, वही ठेवली, परिपत्रक ठेवलं. साहेबांनी रजिस्टर पाहिलं, पानं उलटली. एकही खाडाखोड नाही. एक जून, एक जून, एक जून.

“मग वाद कशाचा आहे?”

“मी थोरला का आबा थोरला, ह्येचा!” तात्या उठून म्हणाले. “ह्यांच्या वहीत मी मागं गेलोय.”

“आज वाढदिवस तात्यांचाच हाय,” गुरुजी म्हणाले. “त्यांची हरकत हाय म्हनून पोरं बसून हायेत.” आवाज नेहमीचाच, पण चमच्याच्या खिशावर हात होता आणि तो घट्ट होता. साहेबांनी एक ओळ लिहिली असती की उद्यापासून सकाळची पंगत बंद, तर ती बंद झाली असती. मी दाराशी उभी होते आणि आरतीच्या ताटलीकडे बघायचं टाळत होते.

साहेबांनी आजीला बोलवायला सांगितलं. साक्षीदार तीच. आजी काठी टेकत आली. नव्वदीची बाई, पण डोळे शाबूत. साहेबांनी अदबीनं विचारलं, “आजी, नीट आठवून सांगा. थोरला कधी झाला? दिवाळीत की थंडीत?”

आजीनं आधी तात्यांकडे पाहिलं. मग आबांकडे. मग पंगतीकडे पाहिलं, आणि तिकडंच पाहत राहिली.

“ही पोरं कवाधरनं बसल्याती?”

“सकाळधरनं,” मावशी म्हणाल्या.

“थोरला दिवाळीचा,” आजी म्हणाली. “धाकटा थंडीतला. मी मास्तरला उलटं सांगितलं, म्हातारपन हाय. तवा तात्याचा वाढदिवस कवाच हून गेला. आज आबाचा हाय. आबा, बसलास काय? घरला जा आन् पातेलं आन.”

आबा एकदा जेवू घालून बसले होते. ते हसले आणि उठले. आणि तात्या? तात्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ते थोरले ठरले होते. त्यांचा वाढदिवस होऊन गेला होता. आणि तो आबांच्या उप्पिटावर झाला होता. माणसाला एका सकाळी इतकं सुख क्वचितच मिळतं. त्यांनी जागेवर अर्ज मागं घेतला आणि साहेबांना डाळिंबं देऊ केली, आबांच्या बागेतली.

अर्ध्या तासात पोहे आले. गुरुजींनी वहीत दोन नावांची अदलाबदल केली आणि मग पेन हातात ठेवूनच विचारलं, “साहेब, तुमचा कधीचा?”

साहेब थोडे घुटमळले. “एक जून,” म्हणाले. “आमच्याही गुरुजींनी तोच दिला.”

“आई हायत?”

“आहे.”

“विचारून या. फेब्रुवारीत एक जागा मोकळी हाय.”

साहेबांनी चौकशी अहवालात काय लिहिलं ते मला माहीत नाही. फेब्रुवारीत एका सकाळी ते पुन्हा आले, जीप न घेता, मोटारसायकलवर, मागं केळीचे दोन घड बांधून. पंगतीत शेवटी बसले. आरतीनं त्यांना ओळखलं आणि म्हणाली, “ह्यांचा झालाय की एकदा!”

त्या वर्षी ऊस उदंड होता. पाडवा झाला तरी कारखाना बंद होईना, टोळ्या हलेनात. गुरुजींची वही पाडव्याला संपली होती. वाढदिवस संपले, भूक राहिली. पहिल्यांदाच त्यांना मी गोंधळलेलं पाहिलं. वही पुढून मागं, मागून पुढं चाळत होते. तेव्हा आरती टेबलाशी आली. सगळ्या गावाचे वाढदिवस तिनं खाल्ले होते, तिला एक शंका होती.

“गुर्जी, माहा वाढदिवस कव्हा?”

गुरुजींनी वही मिटली. सबंध गाव पालथा घातला, पण हे त्यांना सुचलं नव्हतं. मला तरी कुठं सुचलं होतं?

“उद्या,” गुरुजी म्हणाले. “आन् तुज्या मागनं एकेकाचा.” असे कोपीवरच्या मुलांचे वाढदिवस झाले. मुलं वाढायला उभी राहायची, पातेलं आम्हा दोघा शिक्षकांचं. काही दिवस गुरुजींनी मावशींकडून करवून घेतलं, बाकी दिवस मी नेलं. माझा जन्म ऑगस्टमधला, दाखल्यासकट पक्का. मी काही कुणाला सांगितलं नाही की ही पातेली कशाबद्दल आहेत. गुरुजींनी विचारलं नाही. त्यांनी फक्त एकदा चमचा बुडवून माझं उप्पीट चाखलं आणि म्हणाले, “मीठ कमी, बाई.”

मे महिन्यात गुरुजी निवृत्त झाले. एकतीस मेला. तारखेवरून तुम्ही ओळखलंच असेल. एवढ्या जणांचे वाढदिवस शोधणाऱ्या माणसानं स्वतःचा शोधला नव्हता, तेही एक जूनचेच. निरोपाला गाव लोटला, शाल झाली, नारळ झाला, तात्यांनी भाषण केलं. गुरुजींचा नियम त्या एकाच दिवशी मोडला.

दुसऱ्या दिवशी, एक जूनला, मला घरात चैन पडेना. सकाळी घाईघाईनं पोहे केले, डबा भरला आणि जळोचीहून स्टँडमागच्या त्यांच्या खोलीवर गेले. खोलीत खाट, पुस्तकं, एक स्टोव्ह. तो चमचा खिडकीत. शाळा नाही म्हटल्यावर आता काय करायचं ते न कळून गुरुजी खाटेवर बसले होते.

“वाढदिवस आहे ना,” मी म्हटलं.

“कागदावरचा,” ते म्हणाले. “आन् माजं झालंय, बाई. खाऊन बसलोय.”

“काय खाल्लंत?”

“भाकरी.”

मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी कसं कोण जाणे, तोंडातून गेलं. “कशासंगं?”

गुरुजींनी वर पाहिलं. तिथं कडुलिंब नव्हता, पंखा होता. ते पंख्याकडे बघत राहिले. स्टोव्ह कोरडा, गार. खोलीत पिठाचा डबासुद्धा मला कुठं दिसला नाही. मग ते ओशाळे हसले.

“सकाळी खायची सवय न्हाय हो,” म्हणाले. “ल्हानपनी लागली न्हाय. मग ऱ्हाऊनच गेलं.”

मी ताटली शोधली, पोहे वाढले आणि ती त्यांच्या हातात दिली. नियमाप्रमाणे त्यांनी आधी मला वाढायला हवं होतं, पण दोघांनाही ते आठवलं नाही. ते सावकाश खात होते, बोटांनी, शेवटच्या दाण्यापर्यंत. मी पुन्हा वाढले. तेही संपवलं. मी सवयीनं विचारलं, “मीठ?”

गुरुजींनी ताटली खाली ठेवली, थोडा विचार केला, आणि म्हणाले, “मीठ बरोबर हाय.”

घरी येऊन कढईत उरलेले पोहे मी तोंडात घातले. मीठ मी घालायलाच विसरले होते.